चार मांजरांचा बार

कॅटलान भाषेत 'क्वात्रे गात्स', म्हणजे शब्दशः 'चार मांजरे', असा एक वाक्प्रचार आहे. आपल्या 'चार टाळकी'चा तो सख्खा भाऊ. सभेला कोणी फिरकले नाही की बार्सेलोनाचा माणूस म्हणणार, चार मांजरे होती. १२ जून १८९७ रोजी त्या शहराच्या मोन्सिओ गल्लीत एक बार उघडला आणि त्याच्या चालकांनी हेच नाव दारावर लावले: 'एल्स क्वात्रे गात्स'. गिऱ्हाईक येणार नाही, ही लोकांनी करायची थट्टा त्यांनी स्वतःच आधी करून टाकली.

हा थ्रेड प्रामुख्याने त्या बारविषयी आहे. तो जेमतेम सहा वर्षे चालला. भूमध्य समुद्राकाठच्या या शहरात त्याहून जुने आणि त्याहून जास्त टिकलेले बार आहेत. तरीही एकच निवडायचा झाला तर हा निवडावा, कारण बार नावाची जागा शहरासाठी नेमके काय करू शकते, हे इथे सर्वांत स्पष्ट दिसते.

आधी काळ पाहू. १८८८ च्या जागतिक प्रदर्शनाने बार्सेलोनाला आपण युरोपातील मोठे शहर असल्याचा आत्मविश्वास दिला होता. कापडगिरण्यांचा पैसा वाहत होता; गिरणीकामगारांच्या वस्त्यांत मात्र अराजकतावादी विचार रुजत होता. ७ नोव्हेंबर १८९३ रोजी लिसेउ या श्रीमंतांच्या ऑपेरागृहात बॉम्ब पडला आणि २० जण ठार झाले. १८९६ मध्ये एका धार्मिक मिरवणुकीवर बॉम्ब टाकला गेला. त्यानंतर मोंजुइकच्या किल्ल्यात शेकडो संशयितांना डांबून त्यांचा छळ करण्यात आला आणि ४ मे १८९७ रोजी पाच जणांना गोळ्या घालण्यात आल्या. 'चार मांजरे' उघडला तो त्यानंतर सहा आठवड्यांच्या आत. बोहेमियन कलावंतांच्या गमतीजमती वाचताना ही तारीख विसरली जाते. ती विसरू नये.

बारमागची चार मांजरे म्हणजे पेरे रोमेऊ, रामोन कासास, सांतियागो रुसिन्योल आणि मिकेल उत्रिल्यो. चौघांनीही पॅरिसच्या मोंमार्त्र टेकडीवरचे दिवस अनुभवले होते. तिथल्या 'ल शा न्वार', म्हणजे 'काळे मांजर', या कॅबरेत छायानाट्ये, गाणी, चित्रे आणि मद्य एकाच छपराखाली नांदत असत. रोमेऊने तर तिथे कामही केले होते. योगायोग असा की शा न्वारचा संस्थापक रोदोल्फ सालिस १८९७ च्या मार्चमध्ये वारला. पॅरिसचे मांजर संपत असताना बार्सेलोनाची चार जन्माला आली.

पैसा कुठला होता, हेही पाहायला हवे. रुसिन्योल कापडगिरणीच्या घराण्यातला. कासासच्या वडिलांनी क्युबात संपत्ती कमावलेली. म्हणजे बंडखोरीचे हे दुकान गिरणी आणि वसाहत यांच्याच कमाईवर उभे होते. म्हणून ते बंड खोटे ठरत नाही. पकडलेल्या गुन्हेगाराला भर चौकात गळा आवळून मारतानाचे दृश्य याच कासासने १८९४ मध्ये रंगवले होते, आणि त्यात बघ्यांची गर्दी मरणाऱ्यापेक्षा कितीतरी जास्त जागा व्यापते. पण या मंडळींना बिल थकले तरी उपाशी राहावे लागणार नव्हते, एवढे ध्यानात ठेवावे.

जागा होती 'कासा मार्ती' या इमारतीच्या तळमजल्यावर. जोसेप पुच इ कादाफाल्क या तरुण वास्तुविशारदाचे शहरातील हे पहिले मोठे काम, १८९६ मध्ये पूर्ण झालेले: टोकदार गॉथिक कमानी, कोरीव दगड, लोखंडी नक्षी. आत भिंतीवर कासासचे भलेमोठे चित्र. दोन माणसांच्या सायकलवर पुढे तोंडात पाइप धरून वाकलेला कासास, मागे उंच, किडकिडीत, दाढीवाला रोमेऊ, आणि पार्श्वभूमीला बार्सेलोनाच्या मनोऱ्यांची पुसट रेषा. १९०१ मध्ये ते उतरवून तिथे त्याच दोघांचे मोटारगाडीतले चित्र लावले गेले. नवे शतक आले होते, सायकल जुनी झाली होती.

त्या काळच्या बार्सेलोनात नव्या चित्रकाराला भिंत कोण देणार? ल्योत्जा ही सरकारी कलाशाळा जुन्या वळणाची. साला पारेस हे प्रमुख चित्रदालन प्रस्थापितांचे. राहिला बार. 'चार मांजरे'मध्ये चित्रप्रदर्शने भरत, कठपुतळ्यांचे आणि छायानाट्याचे खेळ होत, आल्बेनिस आणि ग्रानादोस यांच्यासारखे संगीतकार येत. १८९९ मध्ये बारने स्वतःच्याच नावाचे कॅटलान नियतकालिक काढले. पंधरा अंकांनंतर ते थांबले आणि त्याची जागा कासास-उत्रिल्योंच्या 'पेल इ प्लोमा'ने घेतली. १९०१ मध्ये शहरातील वाग्नरप्रेमींची संघटना इथल्याच टेबलांवर जन्मली. दालन, नाट्यगृह, संपादकीय कचेरी आणि सभागृह ही चार कामे एका बिअरच्या पेल्याच्या किमतीत होत होती.

याच दारातून एक किशोरवयीन मुलगा येऊ लागला. त्याचे वडील ल्योत्जामध्ये चित्रकला शिकवत. मुलगा तिथूनच बाहेर पडलेला. पाब्लो पिकासोने या बारसाठी मेन्यूकार्डाचे मुखपृष्ठ काढून दिले आणि फेब्रुवारी १९०० मध्ये, वयाच्या अठराव्या वर्षी, इथेच त्याचे पहिले एकल प्रदर्शन भरले. चौकटींना पैसे नव्हते, म्हणून कागद तसेच भिंतीला टाचले गेले. बहुतेक चित्रे होती बारमध्येच येणाऱ्या मित्रांची. काही महिन्यांपूर्वी कासासने साला पारेसमध्ये शहरातील नामवंतांची व्यक्तिचित्रे मांडली होती. पिकासोने त्याला उत्तर दिले ते नाव नसलेल्या माणसांची चित्रे लावून. आव्हान सरळ होते, आणि ते कासासच्याच बारमध्ये दिले गेले. कासासच्या मंडळींनी ते देऊ दिले, हा त्यांचा मोठेपणा.

त्या प्रदर्शनात मोठे तैलचित्र होते 'अखेरचे क्षण': मरणशय्येवरची स्त्री आणि शेजारी धर्मगुरू. ते त्याच वर्षी पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनासाठी निवडले गेले, आणि पिकासो ते पाहायला म्हणून पॅरिसला निघाला. सोबत होता बारमधलाच जिवलग मित्र, कार्लेस कासाजेमास. पुढच्या फेब्रुवारीत, १७ तारखेला, कासाजेमासने पॅरिसच्या एका कॅफेत प्रेयसीवर गोळी झाडली. ती वाचली, मग त्याने स्वतःवर झाडली. १९०३ मध्ये बार्सेलोनात परतलेल्या पिकासोने 'जीवन' हे निळे चित्र रंगवले, त्यात हाच मित्र उभा आहे. पुढे क्ष-किरण तपासणीत दिसले की 'जीवन'च्या खाली तोच जुना कॅनव्हास आहे. बारमध्ये टांगलेले 'अखेरचे क्षण' या मित्राच्या चित्राखाली गाडले गेले होते.

त्याच १९०३ च्या उन्हाळ्यात बारही बंद पडला. रोमेऊला गप्पांत रस होता, वसुलीत नव्हता, असे नेहमी सांगितले जाते. तो १९०८ मध्ये वारला. त्याची जागा घेतली सांत लुक कलामंडळाने. हे मंडळ कॅथलिक, सनातनी, आणि अभ्यासवर्गात नग्न स्त्रीमॉडेल बसवण्याला त्याचा ठाम विरोध. ज्या भिंतींनी बोहेमियनांना आसरा दिला, त्याच भिंतींत १९३६ पर्यंत ही शिस्तशीर मंडळी बसली.

१९३६ च्या उन्हाळ्यात यादवी युद्ध पेटले आणि शहरातील बारांचा अर्थच बदलला. डिसेंबरमध्ये तिथे पोहोचलेल्या जॉर्ज ऑर्वेलने नोंदवले आहे की कॅफे कामगारांच्या सामूहिक मालकीचे झाले होते, वेटर गिऱ्हाइकाच्या डोळ्याला डोळा भिडवून बोलत आणि बक्षिसी देण्यास मनाई होती. काही महिन्यांत ते वातावरण ओसरले.

युद्धे आणि हुकूमशाही पचवलेल्या बारांना खरा धोका पुढे भाडेकरारांतून आला. स्पेनच्या १९९४ च्या भाडेकायद्याने जुन्या दुकानांच्या गोठवलेल्या भाड्यांना वीस वर्षांची मुदत दिली होती. ती २०१४ च्या अखेरीस संपली आणि अनेक जुन्या दुकानांना आपली जागा सोडावी लागली. राव्हाल वस्तीतील 'बार मार्सेया' १८२० चा; धूळ खाणाऱ्या बाटल्या आणि अॅबसिंथ ही त्याची ओळख. (पिकासो तिथे बसत असे म्हणतात. बार्सेलोनातला प्रत्येक जुना बार असेच म्हणतो.) त्याचाही करार संपत आला, तेव्हा २०१३ मध्ये महापालिकेने ती जागाच विकत घेतली आणि बार चालू राहिला.

असे भाग्य फार थोड्यांच्या वाट्याला आले. जुन्या दुकानांसाठी शहराने पुढे संरक्षक यादी केली, पण त्या यादीचे संरक्षण प्रामुख्याने दर्शनी भागाला, लाकूडकामाला, काचेला मिळते. आत कोण बसते आणि किती वेळ बसू शकते, याला नाही. रोमेऊच्या बारमध्ये जतन करण्यासारखे होते ते नेमके हेच दुसरे. बिल न भरता तासन्‌तास बसणारा अठरा वर्षांचा मुलगा कुठल्याही यादीत बसत नाही.

कासा मार्तीच्या तळमजल्यावर आज पुन्हा 'चार मांजरे' नावाचे उपाहारगृह आहे. भिंतीवर सायकलस्वार रोमेऊ आणि कासास आहेत, पण ती प्रत आहे. मूळ चित्र मोंजुइकच्या टेकडीवर, कॅटलोनियाच्या राष्ट्रीय कला संग्रहालयात टांगलेले आहे.