कबुतराच्या पिसातील पत्रे

इ. स. १८७० च्या सप्टेंबरात प्रशियन सैन्याने पॅरिसला वेढा घातला आणि त्या शहराचे टपाल तुटले. बाहेर पत्रे धाडण्यास बलून होते. परंतु वाऱ्याच्या लहरीवर चालणारे ते वाहन नेमके पॅरिसवर परत आणणे कोणास साधेना. उरली ती कबुतरे. बलूनमधून ती बाहेर न्यावयाची आणि निरोप बांधून घराकडे सोडावयाची. पण एवढासा जीव कागद वाहून वाहून किती वाहणार?

ह्या कामासाठी रेने दाग्रों हा छायाचित्रकार १२ नोव्हेंबर १८७० रोजी ‘निएप्स’ नावाच्या बलूनमधून पॅरिसबाहेर पडला. सोबतचे ‘दागेर’ हे बलून शत्रूच्या हाती सापडले. दाग्रों मात्र निसटला. सूक्ष्म छायाचित्रणाचे पेटंट त्याने १८५९ सालीच घेतलेले होते. लोकांचे निरोप छापून त्यांची पाने तयार होत. त्या पानांची तो अक्षरशून्य दिसणाऱ्या पातळ फितींवर चित्रे घेई. अशा कित्येक फिती गुंडाळून पिसाच्या पोकळ नळीत भरीत आणि ती नळी कबुतराच्या शेपटीला बांधीत.

पुष्कळ कबुतरे पोहोचलीच नाहीत. थंडी, धुके, ससाणे, कारणे अनेक. म्हणून एकच फीत अनेक कबुतरांबरोबर पुन्हा पुन्हा धाडीत. जे पोहोचे ते जादूच्या कंदिलाने पडद्यावर मोठे करून कारकून उतरून घेत आणि ज्याचा निरोप त्याच्या घरी पोहोचवीत. कोंडलेल्या शहरात ‘सर्व खुशाल’ एवढ्या दोन शब्दांचे मोल काय असेल, हे सांगावयास नको.

लेखाचे चित्र करावयाचे आणि चित्राचा पुन्हा लेख, ही युक्ती आज संगणकाने उचलली आहे. त्याची कोणतीही फाइल, मग ते गाणे असो वा हिशेब, शेवटी शून्य आणि एक ह्यांची रांग असते. शून्याला पांढरा ठिपका व एकाला काळा दिला की चित्र तयार. भाजीवाल्याच्या गाडीवर पैसे घेण्यासाठी टांगलेला, जपानात १९९४ साली जन्मलेला क्यूआर कोड त्याच जातीचा. तो थोडा फाटला, डागाळला तरी वाचता येतो. कारण त्यात मजकुराखेरीज दुरुस्तीपुरती जादा माहिती भरलेली असते. एका फितीमागे अनेक कबुतरे सोडणाऱ्यांना हा विचार परका वाटला नसता.

२०२० च्या जुलैत गिटहब ह्या संस्थेने जगभरच्या प्रोग्रॅमकारांनी खुले ठेवलेले लेखन असेच ठिपक्यांची चित्रे करून १८६ रिळांवर उतरविले आणि उत्तर ध्रुवाजवळच्या स्वालबार्ड बेटांवरील एका बंद कोळसाखाणीत ठेवले. हजार वर्षे टिकावे, ही त्यामागची आकांक्षा.

येथे मात्र पॅरिसपेक्षा अवघड प्रश्न उभा राहतो. तेथील कारकुनाला भिंगाखालची अक्षरे ओळखीची होती. काम फक्त मोठे करून पाहण्याचे होते. ठिपक्यांना मात्र स्वतःचा अर्थ नाही. कोणत्या क्रमाने ते वाचावेत आणि किती ठिपक्यांचे एक अक्षर धरावे, हे सांगणारा कोणी नसेल तर शाबूत चित्रही मुकेच राहावयाचे. म्हणून त्या रिळांबरोबर साध्या लिपीत लिहिलेली वाचनाची माहितीही ठेवली आहे. ती पाच भाषांत आहे आणि त्यांपैकी एक हिंदी. ध्रुवावरच्या त्या अंधारात आपली देवनागरी, पुढे कधी कोणी यावे आणि वाचावे म्हणून, थांबलेली आहे.