चर्चच्या भिंतीला हात लावायचा, तर विचारायचं कुणाला?

कांजूरमार्ग स्टेशनच्या पूर्वेला, गावठाणात, सेंट फ्रान्सिस झेवियरचं चर्च आहे. तिथून निघून जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोड धरला, पवई मागे टाकली, की पुढे सीप्झ या औद्योगिक वसाहतीचं फाटक लागतं. आत दागिन्यांचे कारखाने आणि सॉफ्टवेअर कंपन्या. त्यांच्या गराड्यात एक चर्च उभं आहे, छप्पर नसलेलं. जेझुइट पाद्र्यांनी १५७९ मध्ये बांधलेलं हे सेंट जॉन द बाप्टिस्ट.

१८४० च्या सुमाराला इथे साथ आली आणि अख्खा धर्मग्राम (पॅरिश) उठून मरोळला गेला. वेद्या, मूर्ती, बाप्तिस्म्याचं कुंड असं जे नेता आलं ते सगळं लोकांनी सोबत नेलं. मागे भिंती आणि कमानी राहिल्या. १९७३ मध्ये सीप्झ आलं आणि पडकं चर्च औद्योगिक वसाहतीच्या कुंपणाआड गेलं. आता मे महिन्यात वर्षातून एकदा तिथे मिस्सा होतो, एरवी फाटकावर पास दाखवावा लागतो.

चर्चची वास्तू बदलायची, हलवायची किंवा सोडून द्यायची, हे ठरवण्याचा अधिकार कुणाचा, हा प्रश्न साष्टीतल्या या चर्चइतकाच जुना आहे. १७३९ मध्ये मराठ्यांनी पोर्तुगीजांकडून वसई घेतली तेव्हा तो तलवारीने सुटला. चर्चच्या घंटा उतरल्या आणि देवळांत गेल्या. नाशिकच्या नारोशंकराच्या देवळातली घंटा आजही लोक मान वर करून बघतात. तिच्यावर १७२१ हे साल आहे. पुढे भांडण घरातच लागलं. मुंबईतली चर्चं पोर्तुगालच्या राजाच्या ‘पाद्रोआदो’कडे असावीत की थेट रोमच्या ‘प्रोपागांडा’कडे, यावरून दोन तट पडले. १८५३ मध्ये रोमच्या बाजूचे बिशप अनास्तासियस हार्टमन यांनी माहीमच्या सेंट मायकल चर्चमध्ये स्वतःला कोंडून घेतलं. बाहेर विरोधकांचा वेढा होता. बरेच दिवस हा प्रकार चालला आणि शेवटी इंग्रज सरकारला मध्ये पडावं लागलं.

इंग्लंडमध्ये अशा गोष्टींसाठी वेगळं न्यायालयच आहे. अँग्लिकन चर्चच्या प्रत्येक धर्मप्रांतात ‘कन्सिस्टरी कोर्ट’ असतं आणि त्याच्या न्यायाधीशाला चान्सलर म्हणतात. बाकं काढायची असोत, काचा बदलायच्या असोत की थडग्यावर दगड बसवायचा असो, त्याची परवानगी लागते. या परवानगीचं नाव ‘फॅकल्टी’. १९१३ पासून वापरातल्या चर्चना सरकारच्या स्मारक कायद्यातून सूट मिळत आली. घरचं न्यायालय नीट काम करतं, हाच त्या सवलतीचा आधार. २०१२ मध्ये डफील्ड गावच्या सेंट आल्कमंड चर्चच्या खटल्यात वरच्या ‘कोर्ट ऑफ आर्चेस’ने प्रश्नांची एक यादीच घालून दिली. बदलामुळे वास्तूच्या मोलाला धक्का लागेल का? लागला तर किती? आणि बदलाची गरज तेवढी भक्कम आहे का? त्यानंतरचे निकाल याच वाटेने जातात.

मराठी वाचकाला जास्त जवळचा वाटेल असा खटला कॉव्हेंट्रीजवळच्या एक्सहॉल गावचा. एका आयरिश कुटुंबाला आईच्या थडग्यावर आयरिश भाषेत एक ओळ कोरायची होती, ‘सदैव आमच्या हृदयात’ अशा अर्थाची. खाली इंग्रजी भाषांतर नसेल तर लोक तिला राजकीय घोषणा समजतील, असं म्हणून २०२० मध्ये चान्सलरने परवानगी नाकारली. कुटुंब अपिलात गेलं. २०२१ मध्ये कोर्ट ऑफ आर्चेसने तो निकाल फिरवला आणि ओळ भाषांतराशिवाय कोरायला मोकळीक दिली. नकाराची कारणं लिहिलेली होती, म्हणूनच ती खोडता आली.

मुंबईतली बहुतेक जुनी चर्चं कॅथलिक आणि त्यांची रीत वेगळी. इथल्या धर्मप्रांतीय न्यायाधिकरणापुढे मुख्यतः विवाहांची प्रकरणं येतात. वास्तूचा निर्णय बिशप घेतात, आदेश काढून. १९८३ च्या धर्मसंहितेतलं कलम १२१५ सांगतं की बिशपच्या लेखी संमतीशिवाय चर्च बांधू नये. कलम ११८९ म्हणतं, पुरातन किंवा कलात्मक मोलाची पूजेतली मूर्ती दुरुस्त करायची तर लेखी परवानगी हवी, आणि ती देण्याआधी जाणकारांचा सल्ला घ्यावा. चर्च कायमचं बंद करून दुसऱ्या कामाला द्यायचं तर कलम १२२२ नुसार गंभीर कारण लागतं आणि धर्मगुरूंच्या मंडळाचं म्हणणं ऐकून घ्यावं लागतं. निर्णय पटला नाही तर भाविक रोमकडे दाद मागू शकतात. तिथली शेवटची पायरी म्हणजे ‘अपोस्टोलिक सिग्नातुरा’. ही वाट नुसती कागदावरची नाही. २०१२ मध्ये अमेरिकेतल्या क्लीव्हलँडच्या भाविकांनी १३ धर्मग्राम बंद करण्याचा आपल्या बिशपचा निर्णय याच मार्गाने रोमकडून फिरवून घेतला.

आपल्याकडे मात्र मोठे बदल फारसा गवगवा न होता झाले. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर, १९६५ च्या आसपास, धर्मगुरू लोकांकडे तोंड करून मिस्सा करू लागले. जगभर जुन्या वेद्या भिंतीपासून पुढे आल्या, कठडे निघाले, नक्षीकाम अडगळीत गेलं. ही पडझड इतकी वाढली की १९७१ मध्ये खुद्द रोमला पत्रक काढून जुन्या कलावस्तू जपा असं बजावावं लागलं. त्याच दशकात माहीमचं सेंट मायकल नव्याने उभं राहिलं. दादरचं ‘पोर्तुगीज चर्च’ म्हणजे १५९६ चं साल्व्हासांव. तिथे १९७४ ते ७७ मध्ये चार्ल्स कोरिया यांनी अंगणांभोवती गुंफलेली नवी इमारत उभारली. ती वास्तुकलेच्या अभ्यासक्रमात शिकवली जाते. जुनी शोधायची तर फोटोंमध्ये.

जुनं जपण्याच्या नादातही घोटाळे होतात. जुन्या गोव्यातल्या बॉम जेझू चर्चच्या भिंतींवर पूर्वी चुन्याचा गिलावा होता. १९५० च्या दशकात पोर्तुगीज वास्तुविशारद बाल्ताझार कास्त्रो यांनी तो काढून टाकला, वास्तू अधिक प्राचीन दिसावी म्हणून. खालचा जांभा उघडा पडला. जांभा पाणी पितो आणि गोव्यात पाऊस चार महिने. गिलावा परत चढवावा की नाही, हा वाद अजून मिटलेला नाही. ज्यांनी जन्मापासून लाल भिंतीच पाहिल्या, त्यांना पांढरं चर्च खोटं वाटतं.

मुंबईत १९९५ साली वारसा नियमावली आली, देशातली अशी पहिली. तेव्हापासून यादीतल्या चर्चसाठी बिशपच्या पत्रासोबत वारसा समितीचा अभिप्रायही लागतो. इंग्लंडसारखी सूट इथे नाही. पण यादीत नाव नसेल तर सगळी भिस्त पुन्हा धर्मग्रामावरच. दफनभूमीत तर हा प्रश्न रोजचा आहे. जागा अपुरी, म्हणून काही वर्षांनी कबर उघडून अस्थी भिंतीतल्या कोनाड्यात ठेवतात. जुना दगड हलला की त्यावरची नावं, गाव आणि सालही हलतं.

तेव्हा कांजूरपासून मरोळपर्यंतच्या धर्मग्रामांना एक विनंती. फरशी बदला, छप्पर बदला, पंखे लावा. पण काम सुरू होण्याआधी प्रत्येक भिंतीचा आणि प्रत्येक दगडाचा फोटो काढा, परवानगीच्या पत्राची प्रत नोंदवहीत लावा आणि बदल का केला ते चार ओळींत लिहून ठेवा. पत्र इंग्रजीत असलं तरी या चार ओळी मराठीत लिहायला हरकत नाही.