रक्तदाब उतरवणारी मुळी : सर्पगंधेचा गुण आणि धोका

१/ १९४९ साली ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये मुंबईच्या एका डॉक्टरांचा शोधनिबंध प्रसिद्ध झाला. विषय होता एका भारतीय झुडपाची मुळी आणि उच्च रक्तदाब. डॉक्टर होते रुस्तम जाल वकील, वनस्पती होती सर्पगंधा. या मुळीने जगाला काय दिले आणि त्याची किंमत कोणी मोजली, त्याचा हा धागा. 🧵

२/ सर्पगंधा हे ओलसर, सावलीच्या जंगलात वाढणारे लहानसे झुडूप. पश्चिम घाटातही ते आढळते. औषधी भाग म्हणजे मूळ. सर्पदंश, ताप, निद्रानाश, उन्माद अशा अनेक विकारांवर लोक ते पिढ्यान्‌पिढ्या वापरत. बिहारमध्ये तर ‘पागल की दवा’ हेच त्याचे नाव पडले होते.

३/ १९३१ साली कलकत्त्यात गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी उन्माद व उच्च रक्तदाब यांवरील तिचा उपयोग प्रसिद्ध केला. त्याच वर्षी दिल्लीत सलीमुज्जमान सिद्दिकी यांनी मुळीतील द्रव्ये वेगळी केली. त्यांपैकी एकाला हकीम अजमल खान यांच्या स्मरणार्थ ‘अजमलीन’ हे नाव मिळाले.

४/ त्या काळी उच्च रक्तदाबावर परिणामकारक औषध जवळजवळ नव्हतेच. १९४५ साली अमेरिकेचे अध्यक्ष रूझवेल्ट मेंदूतील रक्तस्रावाने मरण पावले. त्यांचा वाढता रक्तदाब डॉक्टरांना दिसत होता, पण उतरवता येत नव्हता. वकिलांच्या निबंधाचे महत्त्व या पार्श्वभूमीवर ध्यानात येते.

५/ निबंधाने पाश्चात्त्य वैद्यकाचे लक्ष वेधले. १९५२ साली स्वित्झर्लंडमधील सिबा कंपनीच्या संशोधकांनी मुळीतून ‘रेसर्पिन’ वेगळे केले. १९५४ साली नेथन क्लाइन यांनी मनोरुग्णांवरील त्याचे परिणाम मांडले. १९५७ साली वकील आणि क्लाइन या दोघांनाही लास्कर पुरस्कार मिळाला.

६/ याच काळात दुसरी बाजूही उघड होऊ लागली. रक्तदाबासाठी रेसर्पिन घेणारे काही रुग्ण खोल नैराश्यात गेल्याच्या नोंदी येऊ लागल्या. काहींची नाडी मंदावली, काहींच्या हातापायांत कंप आणि ताठरपणा आला. नैराश्याचा धोका नेमका किती, याविषयी पुढे संशोधकांत मतभेद झाले, तरी सावधगिरी कायम राहिली.

७/ असे का घडते? चेतातंतूंच्या टोकांशी नॉरअ‍ॅड्रेनॅलिन, सेरोटोनिन, डोपामिन या संदेशवाहक द्रव्यांचा साठा असतो. रेसर्पिन तो रिता करते. त्यामुळे रक्तवाहिन्या सैलावतात आणि रक्तदाब उतरतो. मेंदूतला साठा रिता झाला की मन आणि हालचाल मंदावू शकते. गुण आणि दोष एकाच क्रियेतून उपजतात.

८/ या दोषातूनही ज्ञान मिळाले. १९५७ साली स्वीडनच्या आर्विद कार्लसन यांनी रेसर्पिनमुळे निश्चल झालेल्या प्राण्यांना एल-डोपा दिले. ते पुन्हा हालचाल करू लागले. कंपवातावरील आजच्या उपचाराची वाट येथूनच निघाली. कार्लसन यांना २००० साली नोबेल पारितोषिक मिळाले.

९/ किंमत वनस्पतीनेही मोजली. मुळीसाठी अख्खे झुडूप उपटावे लागते. मागणी वाढली तशी जंगले रिती होत गेली. १९९० साली सर्पगंधेचा समावेश वन्यजीव-व्यापारावरील आंतरराष्ट्रीय करार ‘साइटीस’च्या दुसऱ्या परिशिष्टात झाला.

१०/ ‘झाडपाल्याचे औषध, अपाय कसला?’ हा समज आजही रुजलेला आहे. मुळीतील द्रव्यांचे प्रमाण जमीन, हंगाम आणि झाडाचे वय यांनुसार बदलते; चिमूटभर चूर्णात किती औषध आहे, हे डोळ्यांना कळत नाही. रक्तदाबाच्या किंवा मनोविकाराच्या गोळ्या चालू असताना वैद्यकीय सल्ल्याविना असे चूर्ण घेणे धोक्याचे ठरते.

११/ मुळी ओळखली ती परंपरेने. हे श्रेय तिचेच. ती कोणाला, किती आणि केव्हा द्यावी, हे मात्र रुग्णांच्या काळजीपूर्वक नोंदींतून उमगले. सर्पगंधेच्या इतिहासात या दोन्ही गोष्टींना सारखेच मोल आहे.

#इतिहास #सर्पगंधा #धागा