निकालाविना संपलेला खटला

१९५७ च्या ऑक्टोबरांत पश्चिम जर्मनींत ‘कॉन्टेरगान’ नांवाची झोपेची गोळी विक्रीस आली. ती इतकी निर्धोक मानीत कीं, प्रारंभीं डॉक्टरच्या चिठ्ठीवांचूनहि मिळे. गर्भवती स्त्रियांनीं ती घेतली आणि हातापायांनीं अपुरीं अशीं हजारों बालकें जन्मास आलीं. १९६१ च्या नोव्हेंबरांत औषध मागें घेण्यांत आलें. खटला मात्र न्यायासनापुढें उभा राहावयास १९६८ चा मे महिना उजाडला.

आल्सडॉर्फ येथील त्या खटल्यांत मुख्य वाद कार्यकारणाचा होता. हें व्यंग या गोळीनेंच आलें, हें सिद्ध कसें करावयाचें? बचावाचे तज्ज्ञ शंका काढीत, साक्षी लांबत. तेवढ्या अवधींत मुलें शाळेंत जाऊं लागलीं होतीं! मास्तराचें मन प्रथम तिकडेच जातें. लेखणी कशानें धरावी हा प्रश्न कोर्टाच्या तारखांसाठीं थांबत नाहीं.

थकलेल्या आईबापांनीं अखेर तडजोड पत्करली. पुढील दावे सोडण्याच्या अटीवर कंपनीनें दहा कोटी मार्क देण्याचें मान्य केलें आणि १९७० च्या डिसेंबरांत खटला बंद झाला. दोषाचा निवाडा झालाच नाहीं. कंपनीच्या प्रमुखानें जाहीर क्षमा मागितली, ती २०१२ सालीं. तोंवर तीं बालकें पन्नाशीस आलीं होतीं.