मोटारीच्या काचेतून पाहिलेले शहर

रस्ता कोणाचा, असा प्रश्न कोणी विचारला तर आपण सारे एका तोंडाने सांगू, की रस्ता सर्वांचा. कागदोपत्री ते खरेही आहे. परंतु रस्ता किती रुंद असावा, त्याच्या कडेला पदपथ असावा की नसावा, तो कोणत्या वस्तीवरून न्यावा, या गोष्टी कोणीतरी ठरवीत असतो. आणि ठरविणारा माणूस स्वतः त्या रस्त्याने कसा जातो, पायी की सायकलने, बसने की मोटारीने, याची छाप त्याच्या निर्णयावर पडल्यावाचून राहत नाही. मोटारीवर निस्सीम प्रेम करणाऱ्या आणि त्या प्रेमातून घरे, रस्ते व नगरे यांविषयीची आपली मते घडविणाऱ्या एका माणसाचा इतिहास आम्ही आज आपल्यापुढे मांडणार आहोत. चंडीगढ ज्याने आखले, तो हा ल कॉर्बुझिए.

हे नाव त्याने स्वतः घेतलेले. मूळ नाव शार्ल-एदुआर जानरे. जन्म १८८७ चा, स्वित्झर्लंडमधील ला शो-द-फोँ या घड्याळे करणाऱ्यांच्या गावचा. बाप तबकड्यांवर मीनाकाम करणारा कारागीर; मुलगाही आरंभी घड्याळांच्या झाकणांवर नक्षी कोरावयास शिकला. वास्तुशास्त्राची पदवी त्याच्याजवळ नव्हती. पॅरिसमध्ये ऑग्यूस्त पेरे आणि जर्मनीत पेटर बेहरेन्स यांच्या कचेऱ्यांत उमेदवारी करून, प्रवास करून आणि वाचून तो शिकला. आम्हीही युनियनच्या कचेरीत आणि सार्वजनिक वाचनालयात बसूनच चार अक्षरे मिळविली, त्यामुळे या माणसाविषयी आमच्या मनात प्रथमपासून आपुलकी आहे. पुढे जी टीका आम्ही करणार आहोत ती त्या आपुलकीतूनच आहे, हे आधी सांगून ठेवतो.

१९१७ साली तो पॅरिसला स्थायिक झाला. गाब्रिएल व्हॉइझाँ या विमाने व पुढे मोटारी बनविणाऱ्या कारखानदाराची मोटार त्याच्याजवळ होती, आणि आपण बांधलेल्या नव्या घरांची छायाचित्रे घेताना ही मोटार तो घरापुढे मुद्दाम उभी करी. १९२३ साली त्याचे वास्तुकलेवरील गाजलेले पुस्तक निघाले. त्यात एका ठिकाणी वरच्या बाजूस ग्रीकांची दोन प्राचीन मंदिरे आणि खाली १९०७ ची हंबर व १९२१ ची डेलाज या दोन मोटारी छापल्या आहेत. ग्रीकांनी मंदिराचा एक नमुना ठरविला आणि पिढ्यान्‌पिढ्या तोच घासूनपुसून पार्थेनॉनपर्यंत नेला. मोटारीच्या बाबतीत आज तेच चालले आहे. मग घराच्या बाबतीत का होऊ नये, असा त्याचा सवाल होता. घराला तो राहण्याचे यंत्र मानी. कारखान्यातून निघावे असे एक घर त्याने कल्पिले व सिट्रोएन या मोटारीच्या नावावरून त्याचे नाव ‘सिट्रोहान’ ठेविले. प्वासी येथे १९२८ ते १९३१ या काळात बांधलेल्या बंगल्याच्या तळमजल्याची गोलाई तर त्याने मोटार वळावयास किती जागा लागते, त्या मापावरून बेतली.

हा विचार क्षुद्र नव्हता. पहिल्या महायुद्धानंतर युरोपात घरांचा मोठा तुटवडा होता. मोटार जशी स्वस्त झाली तसे घरही स्वस्त होईल, आणि मजुराच्या घरातही उजेड, हवा व न्हाणीघर येईल, ही आशा त्यामागे होती. परंतु मोटार स्वस्त झाली ती कशी, ही गोष्ट या मोटारप्रेमिकाने पुरती पाहिली नाही. हेन्री फोर्डच्या हायलंड पार्क कारखान्यात १९१३ साली सरकती साखळी सुरू झाली. त्या वर्षी तेथे कामगार सोडून जाण्याचे प्रमाण शेकडा ३७० होते. म्हणजे शंभर जागा भरलेल्या ठेवावयाच्या तर वर्षाकाठी तीनशे सत्तर माणसे नव्याने घ्यावी लागत. दिवसभर एकच खिळा ठोकण्याचे काम माणसाला सोसेना. म्हणून १९१४ च्या जानेवारीत फोर्डने कामाचे तास नवावरून आठ केले आणि अटी पाळणाऱ्या कामगारांना रोजी पाच डॉलर जाहीर केले. याला कोणी औदार्य म्हणोत. साखळी चालू राहावी म्हणून मोजावी लागलेली ती किंमत होती.

इटलीतील तूरिन शहरी फियाट कंपनीचा लिंगोत्तो कारखाना १९२३ मध्ये सुरू झाला. कच्चा माल तळमजल्यावर आत येई, मजल्यामजल्याने मोटार तयार होत वर जाई, आणि गच्चीवरच्या शर्यतीच्या रस्त्यावर तिची परीक्षा होई. ल कॉर्बुझिए या इमारतीवर मोहित झाला, आणि १९३४ साली त्याने त्या गच्चीवर मोटारीतून फेरीही मारली. त्याच तूरिनचे कारखाने १९२० च्या सप्टेंबरात कामगारांनी ताब्यात घेतले होते, हा इतिहास तेव्हा ताजा होता. १९८२ मध्ये लिंगोत्तोतील मोटारींचे उत्पादन बंद झाले, आणि २०२१ पासून त्या गच्चीवर बाग आहे. यंत्राचे आयुष्य असे असते.

घर यंत्रासारखे केले तरी यंत्राला जोडणी लागते, हा धडा फ्रान्समधील बोर्दो शहराजवळच्या पेसाक गावी मिळाला. फ्रूजेस नावाच्या साखर कारखानदाराने तेथे ल कॉर्बुझिएकडून कामगारांसाठी पन्नासच्या आसपास घरे बांधून घेतली. १९२६ साली घरे उभी राहिली, परंतु पाण्याची जोडणी मिळेना, आणि सुमारे तीन वर्षे ती रिकामी पडली. सपाट छपरे आणि रंगीत भिंती तयार, नळाला मात्र पाणी नाही! पुढे राहावयास आलेल्यांनी काही घरांवर उतरती छपरे चढविली, लांब खिडक्या बुजवून लहान केल्या, मोकळ्या जागा भिंतींनी भरल्या. राहणाऱ्याला आपल्या घराविषयी काही मत असते, हे त्यांनी बोलून नव्हे तर थापीने सांगितले.

आता रस्त्याकडे वळू. १९२५ साली नगररचनेवर लिहिलेल्या पुस्तकाच्या आरंभी ल कॉर्बुझिएने आपला एक अनुभव दिला आहे. १९२४ च्या शरदातील एका संध्याकाळी तो पॅरिसच्या शाँझेलिझे या राजरस्त्यावर पायी निघाला. मोटारींच्या लोंढ्याने त्याला रस्त्यावर ठरू दिले नाही. त्याला विद्यार्थिदशा आठवली. तेव्हा रस्ता आपला होता, आपण तेथे गात होतो, वाद घालीत होतो. येथवर त्याचे दुःख कोणाही पादचाऱ्याचे आहे. परंतु पुढच्याच क्षणी त्या लोंढ्याचे सामर्थ्य पाहून त्याला हर्ष होतो, आणि या सामर्थ्याला साजेसे शहर उभारले पाहिजे असे तो ठरवितो. आमच्या चळवळीत हा प्रकार ओळखीचा आहे. कालपर्यंत आपल्याबरोबर ओझी उचलणारा गडी मुकादम होतो, आणि दुसऱ्या दिवसापासून त्याला कामाचा वेग दिसू लागतो, पाठ दिसेनाशी होते.

त्याच वर्षी पॅरिसच्या प्रदर्शनात त्याने शहराचा नवा आराखडा मांडला. मोटारीने मोठे शहर मारले, तर मोटारीनेच ते वाचविले पाहिजे, अशा विचाराने तो मोटार कारखानदारांकडे साहाय्य मागावयास गेला. प्यूजो आणि सिट्रोएन यांनी नकार दिला; व्हॉइझाँने पैसा दिला, म्हणून आराखड्याला त्याचे नाव मिळाले. सेन नदीच्या उजव्या तीरावरील सुमारे २४० हेक्टर जुनी वस्ती पाडावी, काही निवडक स्मारके तेवढी ठेवावी, साठ मजल्यांचे अठरा मनोरे उभारावे, मधून मोटारींचे सरळ राजमार्ग काढावे आणि उरलेल्या जागेत झाडी लावावी, असा तो बेत होता. त्या वस्तीत कारागीर, छोटे दुकानदार व भाडेकरू राहत होते. ते कोठे जाणार, हा प्रश्न त्यांना कोणी विचारला नाही. आराखडा कागदावरच राहिला. १९६२ साली फ्रान्सने जुन्या वस्त्यांच्या रक्षणाचा कायदा केला आणि त्याखाली मारे हा पॅरिसचा जुना भाग राखला गेला.

जे पॅरिसने नाकारले त्यातले पुष्कळसे भारतात आले. फाळणीत लाहोर गेले आणि पंजाबला राजधानी हवी होती. अमेरिकन रचनाकार अल्बर्ट मेयर याच्या पहिल्या आराखड्यानंतर काम ल कॉर्बुझिएकडे आले, व १९५१ च्या फेब्रुवारीत तो येथे आला. त्याने शहराचे ८०० मीटर बाय १२०० मीटरचे सेक्टर पाडले आणि रस्त्यांचे सात प्रकार ठरविले: बाहेरून येणाऱ्या हमरस्त्यापासून हिरवळीतल्या पायवाटेपर्यंत. सायकलींसाठी आठवा प्रकार पुढे जोडला गेला. वेगवान रस्त्यावर एकाही घराचे दार उघडू नये, मुलाने हमरस्ता न ओलांडता शाळेत जावे, हा त्यातला विवेक आपण मान्य केलाच पाहिजे. पियेर जानरे, मॅक्सवेल फ्राय व जेन ड्रू या त्याच्या सहकाऱ्यांनी शिपायासाठी आखलेल्या घरालाही दोन खोल्या, स्वयंपाकघर, न्हाणी व संडास होता. त्या काळी ही लहान गोष्ट नव्हती.

परंतु १९५१ साली सबंध भारतात मोटारी, ट्रक, बस व मोटारसायकली मिळून सुमारे तीन लाख वाहने होती आणि लोकसंख्या छत्तीस कोटी. म्हणजे बाराशे माणसांमागे एक वाहन! अशा देशात शहराचा सांगाडा वाहनाच्या वेगावरून ठरला. अंतरे लांबली, विधानसभा आणि उच्च न्यायालय यांमधले विस्तीर्ण पटांगण खास पायी चालणाऱ्यांसाठी राखले, पण पंजाबच्या जेष्ठातल्या उन्हात ते ओलांडून पाहावे! ज्या बायाबापड्यांनी डोक्यावर घमेली वाहून हे शहर उभे केले, त्यांना राहावयास आराखड्यात कायमची जागा नव्हती. त्यांच्या वस्त्यांना ‘तात्पुरती’ म्हटले गेले, आणि रेहडीवर भाजी विकणाऱ्याचा समावेशही मागाहून झाला. अशा वस्त्यांना त्या शहरात नुसते क्रमांक असत. चार क्रमांकाची वसाहत पाडली गेली ती १ मे २०२२ रोजी. कामगारदिनाचा मुहूर्त कोणी मुद्दाम काढला असेल असे आम्ही म्हणत नाही. तो दिवस कोणाच्या ध्यानातही आला नसावा, हेच अधिक बोलके आहे.

आता कोणी आम्हांला विचारील, की तुम्ही मोटारीचे वैरी आहात काय? मुळीच नाही. पिंपरी, चाकण, नाशिक येथे हजारो घरांतल्या चुली मोटारींच्या कारखान्यांवर पेटतात. त्यांतल्या कित्येकांच्या पगाराच्या करारासाठी आम्ही रात्री जागविल्या आहेत. परंतु पाळी सुटली म्हणजे मोटार बनविणारा हा माणूस फाटकाबाहेर येतो तो बहुधा पायी किंवा दुचाकीवर. एका कारखान्याच्या फाटकासमोर रस्ता सहापदरी झाला आणि पदपथ गेला. दुसऱ्या पाळीहून परतणारा आमचा एक सभासद तेथे रस्ता ओलांडताना गेला. आम्ही अर्ज केला, तेव्हा वाहतुकीचा वेग कमी करता येत नाही असे उत्तर आले. त्या साली आमच्या मागणीपत्रात पगारवाढीच्या खाली दुसरी मागणी होती पदपथाची, दिव्याची आणि ओलांडणीची. काही सभासद हसले. म्हणाले, ही काय युनियनची मागणी झाली? दीड वर्षाने दिवे आणि ओलांडणी मिळाली. पदपथ अजून मिळावयाचा आहे.

मुंबईत ३१ मार्च १९६४ रोजी शेवटची ट्राम धावली. २००८ साली वांद्र्यापासून पादचाऱ्यांसाठी हवेतले पूल बांधावयास आरंभ झाला. दोहोंची कारणे निरनिराळी सांगितली गेली. पण खालचा रस्ता मोटारीसाठी मोकळा करावा आणि चालणाऱ्याने जिने चढावे, ही समजूत शाँझेलिझेवरच्या त्या संध्याकाळची सख्खी बहीण आहे.

ल कॉर्बुझिए १९६५ च्या ऑगस्टमध्ये भूमध्य समुद्रात पोहताना वारला. त्याची बुद्धी मोठी होती आणि गरिबाला चांगले घर मिळावे ही तळमळही खोटी नव्हती. त्याच्या आराखड्यांत झाडांना जागा होती, उजेडाला जागा होती, मोटारीला तर होतीच. आराखडा चालू असताना राहणाऱ्याने आणि चालणाऱ्याने येऊन दोन शब्द बोलावे, एवढी जागा नव्हती. आपल्या नगरपालिका रस्त्यांच्या योजना प्रसिद्ध करतात आणि हरकतींसाठी मुदत देतात. त्या मुदतीत मोटारवाल्यांचे अर्ज जातात, बिल्डरांचे जातात. भाजीवाली, शाळकरी मुलांचे आईबाप, पाळीचे कामगार यांचे किती जातात? ते अर्ज लिहून देण्याचे काम आमच्या युनियनच्या कचेरीत रविवारी सकाळी चालते. ज्यांना अक्षर येते त्यांनी जरूर यावे.