कोल्हापुरीची हातोडी खिळा मारत नाही

जून 2025 मध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये प्रादानं आपल्या वळणाची चप्पल दाखवली आणि गावभर चर्चा पेटली. नाव कुणाचं, पैसा कुणाला? मीही बातम्या केल्या. पण त्या गडबडीत हातोडीबद्दल कुणीच बोललं नाही.

तेव्हा सुभाषनगरात एका कारागीर मामांकडे बसलो होतो. त्यांच्या हातोडीचं तोंड रुंद, किंचित फुगीर, घासून गुळगुळीत झालेलं. विचारलं, “मामा, सुताराची चालत नाही का?” हसून म्हणाले, “अवो, खिळा न्हाई मारायचा, कातडं बसवायचंय.”

खरंच आहे. अस्सल कोल्हापुरीत लोखंडी खिळा नसतो, तळ कातडी वादीनं शिवतात. हातोडी लागते ती ओलसर कातडं ठोकून घट्ट करायला, थर एकमेकांवर बसवायला, शिवण सपाट करायला. सुताराच्या हातोडीची कड तीक्ष्ण. घाव जरा तिरका पडला की कातड्यावर चंद्रकोरीसारखा वण उठतो, तो जात नाही. वजन पेलेल एवढंच हवं, नाहीतर दिवसभरात मनगट जातं. कातडं फार ओलं असलं तर पसरतं, वाळलेलं असलं तर दबत नाही. हे सगळं हातालाच कळतं.

या हाताचा इतिहास मात्र सोपा नाही. बाभळीची साल आणि हिरडा वापरून कातडं कमावणारे, ते ठोकून चप्पल करणारे लोक गावाला हवे होते, पण त्यांचा स्पर्श नको होता. राजर्षी शाहूंनी 26 जुलै 1902 ला मागासांसाठी नोकऱ्यांत 50 टक्के जागा राखल्या, आणि कातडी कमावण्याच्या नि चपलांच्या धंद्यालाही आधार दिला. एकीकडे नोकरीची वाट, दुसरीकडे हातातल्या कामाला मान. मला यात त्यांची दूरदृष्टी दिसते.

पुढं 2018-19 साली महाराष्ट्राचे चार आणि कर्नाटकचे चार अशा आठ जिल्ह्यांना मिळून भौगोलिक मानांकन मिळालं. नावाला कायद्याचं कुंपण पडलं. हाताला कुठलं कुंपण? 2015 च्या गोवंश हत्याबंदीनंतर कच्च्या कातड्याची अडचण वाढली. घराघरांत वेणी विणणाऱ्या, शिवणाऱ्या बायकांचं नाव तर बातमीतही येत नाही.

2023 पासून विश्वकर्मा योजनेत चर्मकारांना अवजारांसाठी 15,000 रुपयांपर्यंत मदत आहे. चांगलंच आहे. माझं म्हणणं एवढंच, की अवजारांची यादी करताना आधी कारागिराला विचारा, त्याला कसल्या तोंडाची हातोडी लागते.

आणि आपण? पुढच्या वेळी चप्पल लाईनीत शंभर रुपयांसाठी घासाघीस करण्याआधी तळ उलटा करून बघा. वण नसेल, शिवण सपाट बसली असेल, तर समजा कुणीतरी प्रत्येक घाव जपून घातलाय. त्या घावांचे पैसे द्या.

तुमच्या घरात, गल्लीत कुणी हे काम करत असेल तर कमेंटमध्ये जरूर लिहा.