मेलेल्या तेजाबाची कुळकथा

"इसमें टांका नहीं पकड़ता." स्टीलच्या झाकणाची निखळलेली मूठ घेऊन जबलपूरच्या चेरीतालातून निघावं आणि बड्या फुहाऱ्यापर्यंतची दुकानं पालथी घालावीत, उत्तर हेच मिळतं. पितळेच्या तपेल्याचा कान झाळून मिळतो, पत्र्याचं नरसाळं गळत असेल तर त्याला डाख लागतो, रेडिओतली सुटलेली तार तर शाळकरी पोरंही जोडतात. स्टील पुढे केलं की कारागीर मान हलवतो. त्याचं म्हणणं खोटं नाही, अर्धं आहे. स्टीलला डाख लागतो, आणि वेल्डिंगच्या यंत्राशिवाय घरच्या घरी लागतो. त्यासाठी जे पाणी लावावं लागतं त्याचं कूळ मात्र स्टीलपेक्षा बरंच जुनं आहे, आणि त्यातली एक शाखा आपल्या कल्हईवाल्याच्या पोतडीतून निघते.

आधी स्टीलचा हट्ट. 1913 साली शेफील्डमध्ये हॅरी ब्रिअर्ली हा धातुशास्त्रज्ञ बंदुकीच्या नळ्या आतून झिजू नयेत म्हणून पोलादात क्रोमियम मिसळून पाहत होता. त्या ऑगस्टमध्ये त्याने ओतलेल्या पोलादात सुमारे 12.8 टक्के क्रोमियम होतं. सूक्ष्मदर्शकाखाली धरण्याआधी नमुना आम्लाला थोडा खाऊ देतात. हा नमुना आम्लाला दाद देईना. नळ्यांचं राहिलं बाजूला, शेफील्डच्या सुऱ्यांना न गंजणारं पातं मिळालं. आपल्या स्वयंपाकघरातलं 18 टक्के क्रोमियम आणि 8 टक्के निकेलवालं स्टील हे त्याचं जर्मन चुलत भावंड. क्रुपच्या कारखान्यात स्ट्राउस आणि मॉरर यांनी त्या घराण्याचं पेटंट 1912 मध्येच घेतलं होतं. 1904 पासून तोफगाड्या बनवणाऱ्या आमच्या जबलपूरला बंदुकीपायी झालेला हा जन्म काही परका वाटायला नको.

क्रोमियम हवेतला ऑक्सिजन ओढून घेतं आणि स्टीलच्या अंगावर ऑक्साइडचा पापुद्रा धरतं. त्याची जाडी मिलिमीटरच्या दहा लाखाव्या भागाच्या दोन-तीन पट, बस्स. ओरखडा काढला तरी तो लागलीच पुन्हा धरतो. गंज या पापुद्र्यापाशी अडतो आणि वितळलेलं कथीलही तिथेच अडतं, कारण डाख धातूला धरतो, धातूच्या ऑक्साइडला धरत नाही. कथलाची गोळी होते आणि घरंगळत खाली जाते. ज्या गुणासाठी स्टील घरात आलं, तोच गुण दुरुस्तीच्या वेळी आडवा येतो.

आणि घरात ते आलं तरी कसं? बोहारणीच्या टोपलीतून. दोन जुन्या साड्या, एखादी विजार, वर एक फाटकी चादर, आणि तासभर घासाघीस करून हाती पडलेला एक डबा, ज्यावर मग बाजारात जाऊन नाव घालून आणायचं. घरातलं पितळ मोडीत गेलं ते याच काळात. त्यामागचा हिशेब सरळ होता: स्टीलला चिंच लागत नाही आणि कल्हईही लागत नाही.

ती कल्हई ज्यांनी पाहिली आहे त्यांना डाखाचं निम्मं शास्त्र आधीच ठाऊक आहे. भात्याने फुललेल्या निखाऱ्यावर पातेलं लालसर तापायचं. कल्हईवाला कथलाची कांडी आत टेकवायचा, वरून नवसागराची चिमूट टाकायचा, पांढरा धूर उसळायचा, डोळ्यांत पाणी यायचं, आणि कापसाचा बोळा फिरला की काळपट पितळ चांदीसारखं उजळायचं. खरं काम त्या धुराचं. नवसागर म्हणजे अमोनियम क्लोराइड. तापलं की ते फुटतं आणि त्यातून हायड्रोक्लोरिक आम्लाची वाफ निघते; ती तांब्या-पितळेवरचं ऑक्साइड खाते आणि उघड्या पडलेल्या धातूवर कथील पसरतं. नवसागर नसेल तर कल्हईवाल्याने जन्मभर बोळा फिरवला तरी कथील धरायचं नाही. क्रोमियमचं ऑक्साइड मात्र नुसत्या नवसागराला बधत नाही, तिथे त्याहून जहाल काहीतरी लागतं.

डाख स्वतः फार म्हातारा आहे. पहिल्या शतकातला रोमन लेखक प्लिनी दोन भाग शिसं आणि एक भाग कथील यांच्या मिश्रणाने पाण्याचे नळ जोडत असं लिहून गेला आहे, आणि नळजोडणीचा डाख पुढे शतकानुशतकं साधारण त्याच मापाचा राहिला. जहाल पाण्याची गोष्ट त्यामानाने अलीकडची, म्हणजे साबणाच्या आणि काचेच्या कारखान्यांची. त्यांना सोडा लागे. निकोला लब्लां याने 1791 मध्ये मिठापासून सोडा करण्याच्या रीतीचं पेटंट घेतलं, पण त्या रीतीत हायड्रोक्लोरिक आम्लाची वाफ धुराड्यातून बाहेर पडायची आणि आसपासची शेतं जाळायची. इंग्लंडने 1863 मध्ये कायदा करून कारखानदारांना ही वाफ पाण्यात अडवायला लावली. मग त्या आम्लाचं करायचं काय, हा प्रश्न. ते मातीमोल विकलं जाऊ लागलं आणि पत्र्याचं काम करणाऱ्यांचं फावलं.

या आम्लात जस्ताचे तुकडे टाकले की ते खदखदतं, हायड्रोजन सुटतो, आणि जस्त विरघळायचं थांबलं की तेजाब 'मेलं' असं समजायचं. इंग्रज पत्रेकारागीरही त्याला मारलेलंच म्हणत. उरतं ते झिंक क्लोराइडचं पाणी. रॉकेलचे आणि पुढे डालड्याचे डबे कापून मापं, दिवे, नरसाळी करणाऱ्यांच्या हातात हेच पाणी असे. त्यात नवसागर मिसळला की आणखी एक गंमत होते. झिंक क्लोराइड एकटं 290 अंशांच्या आसपास वितळतं, पण सुमारे 70 भाग ते आणि 30 भाग नवसागर असं जमवलं तर मिश्रण 180 अंशांलाच पातळ होतं. 63 भाग कथील आणि 37 भाग शिशाचा डाख वितळतो 183 अंशांना. कथील वाहू लागायच्या जरासं आधी त्याची वाट साफ झालेली असते. हे प्रमाण तापमापक घेऊन नव्हे, हाताच्या अंदाजाने साधणाऱ्या कारागिरांचं मला फार कौतुक वाटतं.

स्टीलसाठी या मेलेल्या तेजाबात थोडा जीव परत घालावा लागतो, म्हणजे थोडं ताजं आम्ल. संडास धुवायच्या आम्लात तेच असतं. जस्तासाठी लोक टॉर्चचा जुना सेल फोडतात, कारण साध्या सेलचं बाहेरचं नळकांडं जस्ताचंच असतं. इथे मात्र जपायचं. आतली काळी पूड मँगनीज डायऑक्साइडची असते, ती आम्लात पडली तर क्लोरीन वायू सुटतो. शेले याने 1774 मध्ये क्लोरीन पहिल्यांदा असाच मिळवला होता. नळकांडं घासून लख्ख केल्याशिवाय आम्लात टाकू नये. अल्कलाइन लिहिलेला सेल तर फोडूच नये, त्याचं कवच जस्ताचं नसतंच आणि आत दाहक क्षार असतो. काम गच्चीवर करावं, काचेच्या बरणीत, चष्मा लावून, आणि जवळ विडी-काडी नको.

पुढचं काम हाताचं. मुठीची आणि झाकणाची जागा पॉलिश पेपरने घासायची आणि लगेच तेजाबाचा थेंब लावायचा. रेडिओवाल्यांचं 25 वॉटचं सोल्डरिंग आयर्न इथे कुचकामी ठरतं. स्टील तांब्याच्या सुमारे पंचविसाव्या हिश्शाने उष्णता वाहून नेतं, त्यामुळे टोकाखालची जागा करपते आणि दोन बोटांवर ते गारच असतं. जाड तांब्याच्या टोकाचं 100 वॉटचं आयर्न हवं, किंवा जुन्या पद्धतीचा, शेगडीत तापवायचा तांब्याचा ठोकळा. एकदम जोडायला जाऊ नये. आधी दोन्ही तुकड्यांवर वेगवेगळा कथलाचा हात द्यावा. तेजाब चरचरतं, कथलाची गोळी क्षणभर हटून बसते आणि मग अचानक पसरते, तिची कड पत्र्यात विरून जाते. पसरली तर जमलं. गोळीच राहिली तर पुन्हा घासायचं, टोक जास्त दाबून काही होत नाही. दोन्ही बाजू उजळल्या की त्या एकमेकींवर ठेवून तापवायच्या आणि थिजेपर्यंत हलू द्यायच्या नाहीत.

जबलपूरच्या कितीतरी घरांत गन कॅरेज, खमरिया नाहीतर व्हेईकल फॅक्टरीत हयात घालवलेलं कुणीतरी असतं आणि माळ्यावर त्यांची हत्यारांची पेटी असते. अशा घरांत हा उद्योग चालतो, आणि गुरंदी बाजारात हिंडलं की उरलेली हत्यारंही जमतात. दुकानदारांना तो परवडत नाही, कारण मुठीचे दहा-वीस रुपये मिळणार आणि धुण्यातच अर्धा तास जाणार. ते धुणं टाळता येत नाही. क्लोराइडचा अंश राहिला तर ज्या पापुद्र्याने स्टील गंजण्यापासून वाचतं त्यालाच तो टोचे पाडतो आणि महिन्याभरात सांध्याभोवती तांबूस ठिपके उठतात. गरम पाणी, खायचा सोडा, ब्रश, पुन्हा पाणी. फॉस्फरिक आम्लाचं डाखाचं तयार पाणी, म्हणजे फ्लक्स, मिळालं तर ही पीडा कमी.

अन्नापाण्याला लागणाऱ्या जागी शिशाचा डाख नको. 96.5 भाग कथील आणि 3.5 भाग चांदीचा डाख घ्यावा, तो 221 अंशांना वितळतो. सोनाराकडचा चांदीचा झाळ याहून कितीतरी भक्कम, पण त्याला 600 अंशांच्या वर आच लागते, आणि त्यात कॅडमियम असेल तर त्याचा धूर विषारी. दागिन्यांवरचं केडीएम आठवा, ते हेच कॅडमियम. गॅसवर चढणाऱ्या भांड्याला डाख लावूच नये. आत पाणी आहे तोवर ठीक, पाणी आटलं की पत्रा बघता बघता अडीचशेच्या वर जातो आणि कान हातात येतो. तशा भांड्याला रिव्हेट मारावा किंवा ते आर्गन वेल्डिंगवाल्याकडे न्यावं. आर्गनवाला अर्ध्या मिलिमीटरच्या झाकणाला मात्र हात लावायला कुरकुरतो, कारण एवढ्या पातळ पत्र्याला जरा हात चुकला की भोक पडतं.